उपासाची भगर

मोलगीच्या बाजारात मी दर आठवड्याला तिच्याकडूनच भगर घेतो. डोंगरातली म्हातारी, बोलणं मोजकं, माप मात्र नेहमी शिगोशीग भरलेलं. श्रावणात शहाद्याचा माझा एक मित्र सोबत होता. उपासाची भगर घेऊन झाल्यावर त्यानं तिच्याकडे नव्या काकड्या मागितल्या.

"घरी आहेत. अजून देवाला दिल्या नाहीत, त्याआधी विकत नाही," ती म्हणाली.

तो खो-खो हसला. "यास्नं डोकं अजून जंगलमाच शे!"

वाटेत उपास म्हणून भज्यांना हात न लावणारा हा माणूस! याची ती श्रद्धा आणि हिचं ते खूळ? माझ्या ओठावर शिवी आली, तेवढ्यात तिनं त्याच्या पिशवीत आणखी एक मूठ भगर टाकली.

"उपास आहे ना तुझा."

कोणत्या देवाचा, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.