डॉक्टर पाया पडतात

आख्ख्या नागपुरात आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतके नमस्कार कुणी घातले नसतील. धरमपेठेत कुणाचंही लग्न असो, बोलावणं असो नसो, हे मांडवात हजर, आणि दिसेल त्याच्या पाया पडायचे. वयानं लहान असला तरी सोडायचे नाहीत. नम्रता? कसली हो नम्रता! हृदयाच्या रक्तवाहिन्या काही घराण्यांतच तरणेपणी का तुंबतात, दोष खाण्याचा की आईबापांकडून रक्तातच आलेला, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. असा दोष असला की टाचेमागची शीर जाड, गाठाळ होते म्हणे. ती कुणी चाचपू देत नाही. नमस्काराला मात्र कुणी नाही म्हणत नाही. शीर जाड लागली की पंगतीत शेजारी बसून, ऐन जिलेबीच्या वेळी विचारायचे, "तुमचे वडील कशानं गेले?" कळमेश्वरचे आमचे मामा एकदा वैतागून म्हणाले, "हा बुवा पाया पडून राहिला का बैल पारखून राहिला गा?"

आम्ही हसायचो, ते धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत. वडील चाळिशीतच छाती धरून बसले ते उठलेच नव्हते, म्हणून कन्यादान दादानं केलं. तो पाटावरून उठला तसे डॉक्टर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. उठल्यावर त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आमचे वडील कशानं गेले ते त्यांना ठाऊक होतं.

आम्ही तिघा भावंडांनी चरबीसाठी रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत हा शहाणा डॉक्टर रोज येऊन आमचा तेलाचा डबा हुंगून जाई. मी नि बहीण सुटलो. दादाचा रिपोर्ट वाईट आला. त्याचं तूप गेलं, बिडी गेली, तर्रीचं मटण गेलं. दादा डॉक्टरांना मनसोक्त शिव्या घालायचा, पण त्यांचं ऐकायचा.

वडिलांचं वय ओलांडलं त्या दिवशी दादा उठला आणि डॉक्टरांकडे गेला. मीही मागोमाग गेलो. डॉक्टर स्वतःच्या पाया कुणाला पडू देत नसत. पण ते पाय मागे घेईपर्यंत दादानं टाचा धरल्या होत्या. त्याची बोटं तिथंच थांबली. ती गाठ कशी लागते, हे आमच्या घरात आता सगळ्यांना कळत होतं.

"डॉक्टरसाहेब, तुमाले बी?" दादानं विचारलं.

"बाबांकडून आली," डॉक्टर म्हणाले. "औषध सापडेपर्यंत टिकतो का, तेवढंच बघायचं."

ते टिकले नाहीत. औषध पुढे आलं. दादा रोज जेवण झाल्यावर ती गोळी घेतो, आणि घेताना डॉक्टरांना एक शिवी हासडतो.