मखमलीची लव

वडनेर भोलजीच्या एका लग्नात बुद्धवंदना चालू असताना माइक बंद पडला. मंडपात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलीनं वंदना तिथूनच उचलली, आणि पार चुलवणाजवळच्या माणसांनीही हात जोडले. देवानंद टेलरनं वळून पाहिलं. ती अन्नपूर्णा. पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच्या घरी, वरवट बकालला नांदायला आली.

समोरच्या खोलीत त्याची शिलाई, मागच्या खोलीत तिचं मिरची कांडप. नाकाला पदर बांधून ती मशीनवर उभी राही. लाल धूळ छतापर्यंत उडायची. "तिखटाचा खोकला हाय," ती म्हणायची, "तिखट सरलं का जाईन." बरीच वर्षं पावसाळ्यात कांडप थांबलं की खोकला जायचाही. मग जाईनासा झाला. विहारात पौर्णिमेची वंदना तीच सांगायची. आता तिचा श्वास ओळीच्या मध्येच तुटू लागला.

खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं. म्हणाल्या, "श्वासनळीला आतून अस्तर असतं. धुळीनं ते सुजून जाड झालंय. हवेला वाटच उरली नाही."

अस्तर म्हटल्यावर देवानंदला धीर आला. जन्मभर त्यानं तेच तर केलं होतं. "म्हंजे बाही तेवढीच, अन् अस्तर जाड. हात शिरन कसा? मंग बदलून टाका न, मॅडम."

अन्नपूर्णा खोकत खोकत हसली. "ओ समताचे बाबा, तुमचं दुकान नोय हे!"

"बदलता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंप ओढला की सूज थोडी उतरेल. पण त्या अस्तराला बारीक लव असते, मखमलीसारखी. ती कफ वर लोटते. यांची लव झडलीय."

परतीच्या एसटीत अन्नपूर्णानं विचारलं, "लव येईन न परत? बुद्धपौर्णिमेची वंदना मलेच घ्याची हाय."

लव झडलेली मखमली पोलकी त्याच्याकडे कितीदा आली होती. बाई, हे आता असंच राहीन, असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा.

"येईन न," तो म्हणाला. "काऊन नाही येनार?"

"खोटं बोलतानी तुमी दातात दोरा धरल्यावानी बोलता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

कांडपाचं मशीन त्यानं त्याच महिन्यात विकलं. बुद्धपौर्णिमेला वंदना त्यांच्या लेकीनं, समतानं घेतली.

अन्नपूर्णा अजूनही दर पौर्णिमेला विहारात जाते. पंप पदरात बांधून मागच्या भिंतीला टेकून बसते आणि नुसते ओठ हलवते.