उजव्या टोकाची तार

नेझु इवाओने चाळीस वर्षं स्टुडिओत सेट उभारले, पण ज्यावर काम केलं असा एकही चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "भिंतीची मागची बाजू मी बघितलीय. पुढची तुम्ही बघा." लोक हसत. खरं कारण एकाच चित्रपटात होतं.

तो बासष्ट सालचा. दिग्दर्शक तोकिझावा तेव्हा नवखा होता. मोठ्या चित्रपटाला जोड म्हणून दाखवायचे गुंडांच्या मारामारीचे चित्रपट कंपनी त्याच्या गळ्यात मारी, पंचवीस दिवसांत एक. आता तोकिझावा हयात नाही, आणि त्याच जोड-चित्रपटांसाठी तरुण पोरं सकाळपासून रांगा लावतात. उकाई नावाची संग्रहालयातली बाई त्याची सुरुवातीची कामं शोधत हिंडत होती. त्या सेटवरचे हयात कामगार तिने मोजले, तर एकटा नेझु निघाला. वय चौऱ्याऐंशी.

"नेझुसान, शेवटच्या मारामारीत नायकाची सावली भिंतीवर एकदम पळते ना," ती म्हणाली, "तिथून त्यांची शैली सुरू झाली, असं मी लिहिलंय. ती कल्पना कोणाची?"

"बघून सांगतो," नेझु म्हणाला.

सावली का पळाली ते त्याला माहीत होतं. कुठल्या बाजूला पळाली, ते माहीत नव्हतं.

सेटच्या वर, छताखाली, दिवेवाल्यांसाठी एक फळी टांगलेली असे. तिची दोन्ही टोकं सुतार लोखंडी तारेने ओंडक्याला बांधत आणि सळई घालून पीळ देत. नियम एकच होता: एकदा सोडलेली तार पुन्हा पिळायची नाही. तोडायची, नवी लावायची. दुसऱ्यांदा पिळलेली तार वरून धड दिसते, आतून गेलेली असते. त्या दिवशी दिवा हलवायला फळी सोडली आणि परत बांधली. डावं टोक मुकादमाने बांधलं, उजवं नेझुने. नवी तार खाली होती. शिडी उतरून परत यायला चार मिनिटं लागली असती. खालून तोकिझावा ओरडत होता. नेझुने जुनीच तार पिळली.

शॉट चालू असताना फळी एका टोकाने सुटली. हिसामात्सु नावाचा दिवेवाला दिव्यासकट सिमेंटवर आला. तो पडला चौकटीबाहेर. नटाला वाटलं, दिवा दिग्दर्शकानेच हलवला. तो मारामारी करत राहिला. आवाज नंतर भरायचे असत, त्यामुळे फितीवर ना किंकाळी, ना धप्प. दुसऱ्यांदा घ्यायला दिवस नव्हता. शॉट ठेवला.

फळी बांधून नेझु घरी गेला होता; सकाळी आला तेव्हा सेट मोडून पुढचा उभा राहत होता. तारा भंगारात गेल्या होत्या. मुकादम म्हणाला, "कोणाचं टोक ते विचारू नकोस." कंपनीने लिहून ठेवलं की हिसामात्सु दारू पिऊन वर चढला होता.

हिसामात्सु गेल्यावर त्याची बायको सावा हिने स्टुडिओच्या चढावर क्रोकेटचं, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या वड्यांचं, दुकान काढलं. साठ वर्षं नेझु दर शनिवारी तिथून चार क्रोकेट नेतो.

"काय रे नेझु, आज दात आणलेस का?" त्या शनिवारी सावा कढईमागून म्हणाली.

"घरी ठेवलेत, वहिनी. तुमचे क्रोकेट चावावे लागत नाहीत."

"म्हणजे मऊ पडले म्हणतोस." तिने चार कागदात गुंडाळले. "उद्या तो चित्रपट दाखवून झाला की तू बोलणार म्हणे. मी येतेय."

"कशाला दगदग करता?"

"आमचे हे त्यात दिसत नाहीत. पण त्यांचा दिवा दिसतो ना."

रविवारी दुपारी नेझु पहिल्या रांगेत बसला. चित्रपट चालू झाला तरी तो गोष्ट बघत नव्हता. भिंतींचे जोड बघत होता. एक दार वाकडं लागलं होतं, ते त्याला लगेच दिसलं.

मारामारी आली. भिंतीवर नायकाची मोठी सावली. उजेड उजवीकडे घसरला तर सावली डावीकडे पळणार. म्हणजे उजवं टोक. उजवीकडे पळाली तर मुकादमाचं.

सावली डावीकडे पळाली.

मागून कोणीतरी कौतुकाने श्वास घेतला. नेझुने हात मांड्यांवर दाबून धरले.

दिवे लागल्यावर उकाईने ध्वनिक्षेपक पुढे केला. "तर नेझुसान, ती कल्पना?"

"कल्पना नव्हती," तो म्हणाला. "फळी पडली. उजवं टोक मी बांधलं होतं, जुन्या तारेने. नवी आणायला चार मिनिटं लागली असती. हिसामात्सु त्यात गेला. तो प्यालेला नव्हता. मी त्याच्या शेजारी उभा राहून फळी बांधली, तोंडाला वास नव्हता."

उकाईने पुढचा प्रश्न लिहिलेला कागद पालथा केला. सावा काठी टेकत उठली आणि बाहेर निघाली. नेझु मागोमाग गेला. चढाच्या पायथ्याशी ती थांबली.

"साठ वर्षं क्रोकेट नेलेस."

"हो."

"कुठल्याही शनिवारी सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"कोणाचं टोक ते ठाऊक नव्हतं, असं म्हणू नकोस. वास नव्हता हे तर ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," नेझु म्हणाला.

"आदल्या रात्री प्याले होते ते," सावा म्हणाली. "म्हणून मीही मानलं. पोरीला तेच सांगून वाढवली. सगळे ठेवतात, पण तिने आजवर बापाच्या फोटोपुढे साके दारूचा पेला ठेवला नाही." ती दम खात राहिली. "चल. ती दुकानात आहे. माझ्याकडून नाही ऐकायची ती. तू सांग."

चढ त्याला नेहमीचाच होता. आज सावाच्या पावलाने चढायला फार वेळ लागला. ती पुढे, तो मागे.

मुलगी कढईतला चुरा काढत होती. तिने वर पाहिलं. "नेझुकाका, आज रविवार. चारच देऊ?"

नेझुने टोपी काढली.

"आज न्यायला आलो नाही," तो म्हणाला. "झारा खाली ठेव, पोरी. उजव्या टोकाची तार मी बांधली होती."