एकच गाणं, सहा वेळा

मच्छिंद्र मूळचा लोणंदचा. रेडिओ दुरुस्तीचं काम तो तिथल्या बाजारात शिकला आणि १९७२ साली वायरमन म्हणून कतारला आला. पुढच्याच वर्षी दोहातल्या अल मुंतझा भागात जाफरने त्याला आपल्या कॅसेटच्या दुकानात घेतलं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड मच्छिंद्रचं टेबल. टेबलावर एक रेकॉर्ड प्लेअर आणि वायरींनी जोडलेले चार टेपरेकॉर्डर. रेकॉर्डवर सुई टेकली की दोन्ही हातांची बोटं पसरून तो चारही टेपरेकॉर्डरची दोन-दोन बटणं एकदम दाबायचा. बोट जरा मागेपुढे झालं, तर गाण्याची सुरुवात कापली जायची. मच्छिंद्रच्या कॉपीत ती कधी कापली जात नसे.

१९७४ च्या उन्हाळ्यात एक इंग्रज इंजिनिअर एक रेकॉर्ड घेऊन आला. ‘द टिन पीकॉक्स’ नावाच्या बँडचं ‘स्टॅम्प, मॅगी, स्टॅम्प’ हे गाणं. कव्हरवर चार पुरुष होते. डोळ्यांभोवती चमकी, पायांत उंच टाचांचे चंदेरी बूट. “ह्या बायका आहेत का पुरुष?” असं जाफरने विचारलं, तेव्हा इंजिनिअर पोट धरून हसला आणि त्याने गाण्याची गोष्ट सांगितली. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ढोल वाजवणाऱ्याचा हात मोडला. दुसरा वादक आणायला पैसे नव्हते. मग चौघांनी ते उंच बूट घालून एका बंद पडलेल्या नाचघराच्या लाकडी जमिनीवर पाय आपटले आणि त्या आवाजावर गाणं बसवलं. मध्येच एक खुर्ची पडते, तीही तशीच राहिली.

गाणं सुरू होण्याआधी चार पावलं आपटल्याचा आवाज यायचा, मग क्षणभर शांतता. त्या शांततेने दोहाच्या टॅक्सीवाल्यांना वेड लावलं. बाकीची गाणी कुणाला नको होती. “यल्ला, जल्दी मच्छिंदर, वही एक गाना, बार बार,” असं सांगून माणसं जायची. म्हणून मच्छिंद्रने एक युक्ती काढली. कॅसेटच्या एका बाजूला तेच गाणं पाठोपाठ सहा वेळा. एकोणीस मिनिटं.

पडद्याआड आणखी एक काम चाले. गावाकडच्या माणसांना लिहायला जमत नसे, म्हणून ती कॅसेटवर बोलून पत्र पाठवत. सुटीवर जाणाऱ्याच्या सामानातून कॅसेट गावी जायची. घरच्यांनी ऐकली की त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून, उत्तर बोलायचं आणि येणाऱ्या माणसाबरोबर पाठवायची. एकच कॅसेट वर्षानुवर्षं ये-जा करी. कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरची प्लास्टिकची खिट्टी मोडतात. या कॅसेटची खिट्टी कुणीच मोडत नसे. मोडली तर उत्तर कशावर बोलणार?

दोहाबाहेर उम्म सईदच्या कारखान्यात वेल्डर असलेला फलटणकडचा धोंडीराम अशाच एका कॅसेटचा मालक. ती याच दुकानातली, पिवळ्या लेबलाची. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून शुक्रवारच्या सुटीत तो पडद्याआड येऊनच ती ऐकायचा आणि उत्तर बोलायचा. मागे एकदा तिचा एक स्क्रू हरवला होता, तेव्हा मच्छिंद्रने पितळी बसवला होता.

बकरी ईदच्या आधीच्या बुधवारी त्याच कारखान्यातला नसरुद्दीन नावाचा फिटर सुटीवरून परतला. त्याने ती कॅसेट पडद्याआड आणून दिली. “धोंडीरामच्या घरची आहे. जुम्म्याला येईल तेव्हा दे.” मच्छिंद्रने मान हलवली. त्याची आठही बोटं बटणांवर होती. नसरुद्दीनने कॅसेट टेबलावर ठेवली, कोऱ्या पिवळ्या कॅसेटींच्या चळतीशेजारी.

गुरुवारी दुपारी धोंडीराम स्वतःच दुकानात आला. ड्युटीच्या वेळी आला याचंच मच्छिंद्रला नवल वाटलं. धोंडीराम स्टुलावर बसला.

“आई गेली,” तो म्हणाला. “ऑफिसात तार आली. परवाच गेली. आता निघून तरी काय करू?”

मच्छिंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“नसरुद्दीन सांगत होता, कॅसेटवर आई बोललीय. आजारी पडायच्या आधी.” धोंडीराम जमिनीकडे बघत होता. “आत्ता नको. आत्ता मला ऐकवायचं नाही. उद्या नमाज झाल्यावर कंपनीची बस येते, तिनं येतो. जपून ठेव रं.”

तो गेल्यावर मच्छिंद्र टेबलाकडे वळला. चळत नव्हती, शेजारची कॅसेटही नव्हती. सकाळपासून त्याने त्या सगळ्या कॅसेटी भरल्या होत्या आणि जाफर त्या भराभर विकत होता.

दुकानात उरलेली प्रत्येक कॅसेट त्याने उलटी करून पाहिली. सगळे स्क्रू पांढरे.

“किसको बेचा?” त्याने जाफरला विचारलं.

“सुबह से पच्चीस बेचा. सब टॅक्सीवाला. क्या हुआ?”

मच्छिंद्रने सांगितलं. जाफरने कपाळावर हात मारला, दुकान बंद होईपर्यंत आठवून आठवून नावं सांगितली आणि शेवटी म्हणाला, “मिलेगा तो मिलेगा. नहीं तो बोल देना, टेप टूट गया. खलास.”

शुक्रवारी सकाळी सातला मच्छिंद्र बाहेर पडला. धोंडीराम यायला सहा तास होते. टॅक्सी स्टँडवर, पेट्रोल पंपावर, चहाच्या टपऱ्यांवर तो टॅक्सीवाल्यांना थांबवून कॅसेट मागत होता. सगळे हसत होते. “अरे, तूने ही बेचा, तू ही वापस लेगा?” ज्या टॅक्सीतून ती चार पावलं ऐकू येत, तिच्यामागे तो धावत सुटे. अकरा कॅसेटी पाहून झाल्या. सगळे स्क्रू पांढरे. साडेअकराला रस्ते ओस पडू लागले, दुकानांची शटर खाली आली.

बारा वाजता एका गॅरेजच्या सावलीत त्याला खलील सापडला. हा बलुची टॅक्सीवाला नमाजाआधी गाडी धूत होता आणि गाडीत गाणं चालू होतं. मच्छिंद्रने न विचारताच हात आत घालून कॅसेट बाहेर काढली. पितळी स्क्रू.

“पागल है क्या?” खलील ओरडला. पण मच्छिंद्रचा चेहरा पाहून त्याने नळ बंद केला. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मैंने तो गाना खतम होते ही घुमा के फिर शुरू से लगाया. आगे कभी सुना नहीं. लगा, देखते हैं.”

दोघे गाडीत बसले. खलीलने कॅसेट पुन्हा लावून टेप पुढे ढकलली. सहाव्यांदा गाणं संपलं. नुसती खरखर. मग एका म्हातारीचा आवाज, वाक्याच्या मधूनच सुरू झालेला.

मच्छिंद्रने ताबडतोब बटण दाबलं. “खलील भाई, शुक्रन,” म्हणाला आणि पळाला.

दुकानात जाफरने कात्री पुढे केली. “गाना काट दे. जोड़ दे. उसको क्या मालूम कितना था?”

हे मच्छिंद्रला दोन मिनिटांचं काम होतं. त्याने कात्री हातात घेतली. कॅसेट उघडायला पेचकसही घेतला. बाहेर बस थांबल्याचा आवाज आला. धोंडीराम पडदा बाजूला करून आत आला, तेव्हा मच्छिंद्रच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात कॅसेट.

“धोंडीरामभाऊ,” तो म्हणाला, “ह्याच्यावर आधी गाणं आहे. माझ्या हातून पुसलं गेलं. शेवटचं थोडंच राहिलंय.”

धोंडीरामने कात्रीकडे बघितलं. मग म्हणाला, “लाव.”

“पुढं ढकलतो—”

“पहिल्यापासून लाव. गाण्याच्या खाली कुठं आवाज राहिला असंल.”

एकोणीस मिनिटं तो स्पीकरला कान लावून बसला. चार पावलं, शांतता. त्या शांततेत तो डोळे मिटायचा. सहा वेळा. खुर्ची सहा वेळा पडली. मच्छिंद्र भिंतीला टेकून उभा होता. धोंडीराम उठून आपल्याला मारेल तर बरं, असं त्याला वाटत होतं.

मग आवाज आला.

“...तर हौसानं सांगितलंय तेवढं मनावर घे बाबा. मला यंत्रापुढं काय सुचंना. शेळी व्याली, दोन करडं झाली. तुजा कान दुखायचा थांबला का? त्याल कोमट करून घालीत जा...” असं पाचेक मिनिटं. शेवटी, “हे बंद कसं करायचं गं हौसा?” आणि खट्.

धोंडीरामने कॅसेट खिशात टाकली. “हौसा काय म्हणाली होती, ऐकलं होतंस तू?” हौसाबाई त्याची बायको.

“नाही, भाऊ.”

तो गेला. पुढे दोघे भेटत राहिले, पण कॅसेटचा विषय धोंडीरामने पुन्हा काढला नाही.

इंग्लंडात तो बँड दीडेक वर्षात फुटला. तो इंजिनिअर म्हणाला, आता तिकडे ते गाणं कुणाला आठवत नाही. दोहात मात्र खलीलच्या टॅक्सीत ते बरीच वर्षं वाजत राहिलं.

१९८५ साली मच्छिंद्र सुटीवर असताना धोंडीरामही गावी होता, म्हणून तो त्याच्या घरी गेला. वाटेत देवळासमोर बँजो पार्टीचा सराव चालला होता. चार ठोके, शांतता, आणि मग तीच चाल. मच्छिंद्र जागीच थांबला.

“धोंडीरामच्या आईचं, तानूबाईचं गाणं हाये ते,” बँजोवाला म्हणाला. “म्हातारीच्या वर्षश्राद्धाला टेप लावत्यात. टेप पुढं ढकलली तर तुटंल म्हणून गाण्यापासनं ऐकायची. ऐकून ऐकून बसलं.”

धोंडीराम शेताकडे गेला होता. हौसाबाईंनी चहा दिला.

मच्छिंद्र म्हणाला, “वहिनी, ती चूक माझी होती. अकरा वर्षं झाली, तुम्हाला सांगायचं राहिलं.”

“ठाऊक हाय मला. सासूबाईंचा आवाज राहिला, लय झालं.”

“गेलं ते काय होतं?”

त्या दाराकडे बघत राहिल्या. “त्या कुठं बोलत होत्या? आधी लाजून गप बसल्या. मीच बोलले सगळं. माणसं उठून गेली होती, म्हणून बोलले.”

“भाऊंनी विचारलं नाही?”

“पत्रातनं विचारलं. पत्र गुरुजी वाचणार, उत्तर गुरुजी लिहिणार. त्यांच्याम्होरं काय सांगायचं? ‘काही नाही, घरचंच’ असं लिवा म्हणलं. मग दोन वर्सांनी हे आले, तवर ह्यांनी पुढचा करार केलेला, मग काय सांगायचं?” त्यांनी पदर सारखा केला. “मी म्हणले होते, पुरं झालं, परत या. एक भाकर कमी खाऊ. आन् बरंच काय काय. सासूबाईंनी पण तेच मनावर घे म्हणलं. ते तेवढं राहिलं बघा.”

मच्छिंद्रने कप खाली ठेवला. अंगणात चपलांचा आवाज झाला. धोंडीराम आत आला, पाहुणा पाहून खूश झाला.

“काय चाललंय?”

“काही नाही,” हौसाबाई घाईने म्हणाल्या. “चहा टाकते तुम्हाला.”

“वहिनी, चहा राहू द्या,” मच्छिंद्र म्हणाला. “भाऊ, बसा. पुढच्या महिन्यात पुन्हा करारावर सही करणार आहात ना तुम्ही? त्याआधी वहिनींचं ऐकून घ्या. मी बाहेर थांबतो.”

तो उठला आणि बाहेर आला. दार त्याने ओढून घेतलं. मग हौसाबाईंचा आवाज सुरू झाला, आधी अगदी हळू.