ऑनलाइन सत्काराची शाल

माणसानं एकदा स्वतःच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध’ हा शब्द स्वतःच टाइप केला, की मग लाजायचं काही उरत नाही. गुरुलिंगनं तो टाइप केला, वर ठळकही केला. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्याची उभी नोकरी दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिण्यात गेली होती. पन्नाशी उलटल्यावर त्यानं ‘धोंडप्पाची हजेरी’ नावाची कादंबरी लिहिली आणि कुणी छापेना म्हणून स्वतःच छापली. आता ती गावोगाव न्यायची, तर रजा नाही आणि बोलावणंही नाही. मुलगी काव्या पुण्याहून फोनवर म्हणाली, “अप्पा, ऑनलाइन दौरा काढा. घरी बसून फिरता येतं.” उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, त्याच संध्याकाळी बॅनर तयार झाला.

बॅनरच्या मधोमध हनुवटीला हात लावून विचार करणारा गुरुलिंग आणि भोवती शुभेच्छुकांचे फोटो. ज्याचा त्याचा फोटो असल्यामुळं ज्यानं त्यानं तो पुढं पाठवला. बॅनर जिल्हाभर गाजला. “लई भारी दिसताय,” असे निरोप आले. पुस्तकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गुरुलिंगनं वाटलेल्या प्रती लोकांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावून घेतल्या होत्या आणि बहुधा तशाच ठेवून दिल्या होत्या.

त्याची इच्छा खरं तर एवढीशी होती. कुणीतरी एकानं शेवटच्या पानापर्यंत यावं. त्या पानावर कादंबरीतला टाइमकीपर धोंडप्पा निवृत्त होतो. साहेबाच्या मीटिंगमुळं त्याचा निरोपसमारंभ रद्द झालेला असतो. ना शाल ना श्रीफळ, तो रिकाम्या हातानं बाहेर पडतो, तेव्हा गेटपाशी बसणारी पेरूवाली त्याच्या हातावर एक पेरू ठेवते आणि म्हणते, “आता तुमाला कुनी टाइम इचारनार न्हाय.” हे पान लिहिताना गुरुलिंग रडला होता. दुसरं कुणी रडतं का, हे त्याला बघायचं होतं. बायको दाक्षायणीला त्यानं सही करून पहिली प्रत दिली, तेव्हा ती म्हणाली होती, “वाचू की,” आणि कणीक मळायला गेली होती. त्यालाही आता बरेच महिने झाले होते.

दौऱ्याचा पहिला मुक्काम टेंभुर्णी. तिथला नवनाथ एकेकाळी कारखान्यात त्याच्याबरोबर होता. आता हार्डवेअरचं दुकान आणि एक साहित्य मंडळ चालवायचा. त्यानं एकच अट घातली, कार्यक्रम रीतसर झाला पाहिजे. रीतसर म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षांचा सत्कार आणि मग लेखकाचा. पण टेंभुर्णीतून सोलापुरातल्या माणसाच्या खांद्यावर शाल टाकायची कशी? तोड गुरुलिंगनंच काढली. नवनाथनं तिकडं “सत्कार करतो” म्हणायचं आणि इकडं दाक्षायणीनं कॅमेऱ्याच्या बाहेर उभं राहून शाल पांघरवायची, नारळ हातात द्यायचा.

तसंच झालं. ऑक्टोबरची तलखी, माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद आणि अंगावर लोकरीची शाल. पडद्यावर दोन हात यायचे, हिरव्या बांगड्यांचे, मनगटाला पीठ लागलेलं. शाल टाकून ते निघून जायचे. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून त्याखाली ‘धोंडप्पाची हजेरी’च्या पाच प्रती रचल्या होत्या. दौऱ्यात पुस्तकाचा झालेला प्रत्यक्ष उपयोग तेवढाच.

नवनाथनं आपल्या भाषणात कादंबरीला ‘हृदयस्पर्शी कवितासंग्रह’ म्हटलं. मागाहून माणसं थांबत नाहीत म्हणून आभारही आधीच मानून घेतले. गुरुलिंगनं चष्मा लावला, शेवटचं पान उघडलं, “धोंडप्पा गेटपाशी आला...” एवढं वाचलं, आणि पडदा काळा झाला. फुकटच्या मीटिंगला चाळीस मिनिटांची मर्यादा असते, हे जन्मभर घड्याळ बघून पोट भरलेल्या टाइमकीपरला ठाऊक नव्हतं.

पुढचा मुक्काम माळशिरस. तिथला आयोजक प्रदीप, त्याला त्यानं आधीच विनवलं, “सत्कार वगळू या.” प्रदीप दुखावला. “सत्काराबिगर कार्यक्रम? मग तुमाला बोलवलं कशाला म्हनतील की लोक!” गुरुलिंगनं सत्कार राहू दिला. मनातून मात्र त्याला बरंही वाटलं. शाल खांद्यावर पडताना डोळे मिटायची त्याला सवय लागत चालली होती. आपलीच आरती आपणच ओवाळायची तर निदान तबक तरी दुसऱ्याच्या हातात, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. माळशिरसलाही धोंडप्पा गेटपाशीच अडकला. पुढच्या गावांतही तीच गत झाली. तीच शाल, तोच नारळ, तेच पीठ लागलेले हात.

शेवटचा मुक्काम अक्कलकोट, दाक्षायणीचं माहेर. सूत्रसंचालक तिचा चुलतभाऊ मल्लेश. मीटिंगमध्ये निम्मे तिचे नातेवाईक; ते आपसात कानडीत बोलत होते आणि कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. गुरुलिंगनं मनातल्या मनात दौरा संपवला होता. वाचणार कुणी नाही, तर निदान शाल तरी घ्यावी.

“आता आमच्या दाजींचा सत्कार!” मल्लेश म्हणाला. हात आले. शाल पडली. गुरुलिंगनं डोळे मिटून सवयीनं ओंजळ पुढं केली. नारळ हलका लागला.

त्यानं डोळे उघडले. ओंजळीत पेरू होता.

आधी त्याला वाटलं, नारळ नासला असेल. मग तो एकाएकी थिजला. त्यानं पडद्याकडं बघायचं सोडून डावीकडं वर बघितलं. दाक्षायणी पदराला हात पुसत उभी होती.

“दाजी, नारळ कुटं हाय?” पलीकडून मल्लेश विचारत होता.

“तू वाचलंस?” गुरुलिंगनं विचारलं. माइक सुरू आहे याचं त्याला भान नव्हतं.

“व्हय की. पार शेवटपत्तुर.” ती म्हणाली. “पर त्या धोंडप्पाची बायकू भाकरी करपवती म्हनून लिवलंय तुमी. मी कवा करपवली वो? सांगा की!”

“ते... ती कादंबरी आहे, दाक्षायणी.”

“कादंबरी असू दे. समदा गाव मलाच वळखनार.”

“अक्का, कुटल्या पानावर?” मल्लेशनं विचारलं. एक म्हातारी मावशी कानडीत तावातावानं भाचीची बाजू घेऊ लागली. कुणीतरी म्हणालं, धोंडप्पाच उशिरा जेवायला येत असंल, मग भाकरीचा काय दोष? त्या सगळ्या दौऱ्यात पुस्तकातल्या मजकुरावर माणसं पहिल्यांदाच बोलत होती, आणि सगळी लेखकाच्या विरोधात होती. मग पडदा काळा झाला.

शाल पांघरलेला सुप्रसिद्ध साहित्यिक घामानं निथळत, हातात पेरू घेऊन बसला होता. या वेळी रडायला त्याला शेवटचं पान उघडावं लागलं नाही.

“रडलीस का गं?” त्यानं विचारलं. “शेवटी?”

“रडले की. भाकरीचा राग हुता, तरी रडले.”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“तुमी इचारलं कवा?” दाक्षायणी म्हणाली. “शाल धर, नारळ दे, बाजूला हो. येवढंच की.”

पेरूचा घास घेत गुरुलिंग म्हणाला, “आणखी काय काय चुकलंय?”

तिनं पंखा लावला, स्टूल ओढलं, लॅपटॉपखालची एक प्रत काढून घेतली आणि त्याच्यासमोर बसली.

“ती शाल काडा आदी,” ती म्हणाली. “लई हाय. येळ लागंल.”