साडेपंचावन्न हजार, मोठ्याने

सिंगापुरात तोआ पायोहच्या टाउन सेंटरमध्ये चष्म्याच्या एका दुकानाशेजारी कान तपासायचं छोटं सेंटर आहे. मीनाक्षी टिपणीस तिथे काम करते. एवढ्याशा बंद खोलीत म्हाताऱ्या अंकलना बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि बारीक आवाज आला की बटन दाबायला सांगायचं, हे तिचं काम. अंकलची भाषा होक्कियन ही चिनी बोली आणि हिची कराडची मराठी, त्यामुळे मधला सगळा कारभार तुटक्या इंग्रजीवर आणि हातवाऱ्यांवर चालतो. एकदा एक अंकल आवाज नसतानाही बटन दाबतच राहिले. मीनाक्षीने हेडफोन काढून विचारलं, तर म्हणाले, "टेस्ट आहे ना? मला फुल मार्क्स पाहिजेत."

वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये टिपणीसांचं घर माझ्या बरोबर वर आहे. तिचा नवरा विलास मरीन इंजिनिअर. तो जहाजांवर खूप वर्षं फिरला आणि आता दुरुस्तीच्या यार्डात असतो. त्यांना एकच मुलगी, किमया. पुढची हकिगत मला तिघांनी तीन वेळा सांगितली आहे. प्रत्येकाच्या सांगण्यात विनोदी पात्र मात्र दुसराच कोणीतरी असतो.

लग्नानंतर मीनाक्षी विलासबरोबर ह्यूस्टनला गेली होती. तिथल्या एका हॉस्पिटलात तिला रिसेप्शनवर नोकरी मिळाली. एका दुपारी एक बाई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. आतल्या खोलीत त्याच्या कानाला मशीन बसवलं, आईने त्याला नावाने हाक मारली आणि ते पोर खेळणं टाकून सरळ आईच्या तोंडाकडे बघायला लागलं. मीनाक्षी दारातून बघत होती. फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही. "मला हे शिकायचंय," असं तिने त्या संध्याकाळी विलासला सांगितलं.

ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि किमया तीन वर्षांची. शिकायला अठ्ठावन्न हजार डॉलर लागणार होते. ग्रीन कार्ड असल्यामुळे सरकारी स्टुडंट लोन मिळालं, तीन वर्षांत डिग्रीही झाली. किमयाचा जन्म तिथलाच. पुढे मीनाक्षीने नागरिकत्व घेतलं. विलासने घेतलं नाही. मग विलासच्या कंपनीने त्याला सिंगापूरला पाठवलं आणि मंडळी इथे आली. कर्जही आलं. त्याला व्हिसा लागत नाही.

या कर्जाची विलासला कल्पना होती, पण किमयाला नव्हती. मीनाक्षीचे वडील कराडला शाळामास्तर. पोरं अंगणात खेळायला गेली की मगच घरात पैशांची बोलणी निघायची. तीच सवय तिला लागलेली. शिवाय इथल्या आपल्या मराठी मंडळींत निम्मे लोक बँकेतले आणि उरलेले अकाउंटंट. त्यांच्यासमोर कोण सांगणार, की मी पंचेचाळिशी ओलांडली तरी कॉलेजचे पैसे फेडतेय?

दोन हजार वीसच्या सुरुवातीला किमया सतरा वर्षांची होती. अमेरिकेतल्या कॉलेजांची तिने यादी केली होती आणि त्याच सुमारास तिला राजकारणाचं वेड लागलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे मतदार ठरवतात. त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. परदेशात राहणाऱ्या नागरिकांसाठी एका पक्षाने सिंगापुरातही मतदान ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या आत अठरा पूर्ण होणाऱ्यांना मत देता येणार होतं आणि किमयाचा वाढदिवस ऑक्टोबरातला. तिला आकाश ठेंगणं झालं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या ती उमेदवारांच्या वादसभा बघायची आणि घरी आली की तोच वाद आईवडिलांशी घालायची.

त्यात सगळ्यात तापलेला विषय स्टुडंट लोनचा. एक उमेदवार म्हणत होता, सगळ्यांचं सगळं कर्ज माफ. दुसऱ्याचं म्हणणं, अमुक रकमेपर्यंतच माफ. आणखी कोणी म्हणे, माफी नको, हप्ते हलके करा.

"कर्ज घेतलं की फेडायचं," विलास नाश्त्याच्या टेबलावर म्हणाला. "यात वादसभा कसली घ्यायची?"

"पपा, दॅट्स सो अनफेअर लाह! अठरा वर्षांच्या मुलांना काय कळतं सही करताना?" किमया इथल्या "लाह"चं शेपूट लावून म्हणाली.

"मग तू नको करूस सही."

"मी करणार. मी लोन काढणार, मग माझा माणूस निवडून येणार आणि लोन कॅन्सल. सिंपल."

तव्यावर मीनाक्षीचं धिरडं करपलं. तिने ते काढून टाकलं आणि नवीन पीठ घातलं.

मार्चमधला तो रविवार. तांजोंग पगारच्या, खाली दुकान-वर घर अशा एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर मतदान होतं. कोरोनाची साथ नुकतीच पसरायला लागली होती, म्हणून दारात कपाळावर यंत्र रोखून प्रत्येकाचा ताप बघत होते. टेबलाशी रुचिर नावाचा तरुण बसला होता. जन्म न्यू जर्सीचा, नोकरी जवळच्याच एका बँकेत आणि मराठी आजीच्या धाकाने टिकवलेली. त्याने पासपोर्ट तपासले. विलासला मत नव्हतं. तो भिंतीला टेकून मोसंब्याचा रस पीत उभा राहिला.

मत टाकण्याआधी अर्धा तास चर्चा ठेवली होती. ज्याला बोलायचं त्याने दोन मिनिटं बोलायचं. स्टुडंट लोनवर बोलायला ज्या बाई येणार होत्या, त्यांचा ताप सदतीस पॉइंट नऊ भरला आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं. रुचिरने विचारलं, "या विषयावर कोणी बोलेल का?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत किमया उभी.

ती छान बोलली. विलास आजही कबूल करतो, की मला एक शब्द पटला नाही, पण छाती फुगली. शेवटी तिने तेच सांगितलं: "मी पुढच्या वर्षी लोन घेणार आहे आणि तुम्ही सगळे मिळून ते माफ करणार आहात."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग ग्रेडी नावाचे सत्तरीचे गृहस्थ उठले. टेक्सासचे, तेलाच्या रिगवर आयुष्य घालवलेले, निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. "पोरी, तू छान बोललीस," ते म्हणाले. "पण मी उन्हाळाभर ट्रक चालवून फी भरली. थोडं कर्ज होतं, ते सात वर्षांत फेडलं. ज्यांनी फेडलं ते मूर्ख होते का?"

त्यालाही टाळ्या मिळाल्या. किमयाचं तोंड उतरलं. मीनाक्षी मला म्हणाली, "मला दोघांचं खरं वाटत होतं. पण माझी पोरगी माफीच्या भरवशावर सही करायला निघालीय, हे त्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं."

तिने हात वर केला. चार माणसांत कधी न बोलणारी बाई उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी अठ्ठावन्न हजार घेतले होते. बारा वर्षं भरतेय. एकही हप्ता चुकवलेला नाही. जवळजवळ एकोणपन्नास हजार भरून झाले. अजून साडेपंचावन्न हजार बाकी आहेत."

ग्रेडींनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? कळलं नाही."

मीनाक्षीने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

"पंधरा हजार?"

"साडेपंचावन्न हजार!" मीनाक्षी ओरडली. बारा वर्षं शेजारणीला न सांगितलेला आकडा खालच्या फुटपाथपर्यंत ऐकू गेला असेल. ग्रेडींच्या चेहऱ्यावर तरीही प्रश्नचिन्ह. शेवटी रुचिरने फळ्यावर तिन्ही आकडे लिहिले: घेतले, भरले, बाकी.

ग्रेडी फळ्याकडे बघत राहिले. "बाई, हे गणित चुकलंय."

"नाही हो. गणित बरोबर आहे, तीच तर अडचण आहे. हप्ता पगाराच्या हिशेबाने बसवला, तो जेमतेम व्याजाला पुरतो. मला माफीची भीक नकोय. मला शिकवलं, त्याचे पैसे मी देईन. पण दिलेले पैसे कुठे जातात, ते तरी दिसू दे." मग ती किमयाकडे वळली आणि स्वतःच्याही नकळत मराठीत म्हणाली, "आणि तू कोणाच्या भरवशावर सही करू नकोस."

ते मराठी वाक्य फक्त तिघांना समजलं. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. ग्रेडी म्हणाले, "माझं मत बदललं असं समजू नका. पण मी भरत होतो तेव्हा माझं कर्ज कमी व्हायचं."

मतपत्रिका भरायला मायलेकी शेजारीशेजारी बसल्या. किमया बराच वेळ पेन फिरवत होती.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाटलं असतं, तीन वर्षांच्या मुलीला दिवसभर शेजारणीकडे टाकून आई कर्ज काढून शिकत होती."

"मिसेस ऑर्टिझकडे? आई, त्यांच्याकडे दोन कुत्रे होते! आणि त्या लंचला आइस्क्रीम द्यायच्या. बेस्ट दिवस होते ते."

मीनाक्षीला हसू आलं आणि डोळेही भरले. रुचिर टेबलावरून ओरडला, "नो टॉकिंग प्लीज, आँटी!" दोघींनी आपापला कागद झाकून खूण केली. कोणी कोणाला मत दिलं, ते त्यांनी एकमेकींना अजूनही सांगितलेलं नाही.

बाहेर पडताना मीनाक्षीने ग्रेडींना गाठलं. "साहेब, उद्या तोआ पायोहला या. तुमचे कान तपासायचेत."

"माझे कान उत्तम आहेत."

"तुम्ही मला एकच आकडा तीनदा सांगायला लावलंत."

ते दुसऱ्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात आले. दोन्ही कानांना मशीन लागलं. आता ते दिवाळीला टिपणीसांकडे असतात. करंजीला 'ॲपल पाय'मधला 'पाय' म्हणतात आणि सहा-सात खातात.

परदेशातल्या त्या मतदानात किमयाचा लाडका उमेदवार पहिला आला, पण पुढे तिकडे अमेरिकेत हरला. दोन दिवस तिने दार लावून घेतलं. मतदानाच्याच महिन्यात साथीमुळे अमेरिकी सरकारने जाहीर केलं, की सरकारी स्टुडंट लोनचे हप्ते थांबवले आहेत आणि व्याज शून्य. इथे टिपणीसांच्या घरात मोठी गंमत झाली. "कर्ज घेतलं की फेडायचं" म्हणणारा विलास म्हणायला लागला, "सरकारच नको म्हणतंय तर कशाला भरायचं? थांबू या, माफही होईल." आणि माफीसाठी भाषण ठोकणारी किमया आईच्या मागे लागली, "आई, आत्ताच भर! व्याज नाही तोवर प्रत्येक डॉलर मुद्दलात जातोय."

"अगं, तुझा पक्ष कुठला?" विलासने विचारलं.

"दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पपा. कायदा बदलायला पाहिजे. तोपर्यंत आईचं कर्ज कमी व्हायला पाहिजे."

मीनाक्षीने मुलीचं ऐकलं. लॉकडाउनमध्ये प्रवास बंद, हॉटेलं बंद, त्यामुळे पैसेही उरत होते. तिने हप्ता दुपटीहून जास्त वाढवला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा तो आकडा खाली सरकताना पाहिला. पन्नासच्या खाली आला त्या दिवशी मला जिन्यात थांबवून तिने सगळं सांगितलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं.

पुढे दोन वर्षांनी तिकडे दहा हजारांची माफी जाहीर झाली. मीनाक्षीने अर्ज केला, विलासने श्रीखंड आणलं. वर्षभरात कोर्टाने ती माफी रद्द केली. मला वाटलं, घरात सुतक असेल. गेले तर विलास म्हणाला, "श्रीखंड खाल्लं ते थोडंच परत घेणारेत?"

किमया अमेरिकेत शिकायला गेली नाही. तिने इथल्याच विद्यापीठात भूगोल घेतला, वडिलांनी फी भरली आणि एक सेमिस्टर ती ओरेगनला राहून आली. "घाबरून नाही हं," तिने मला बजावलं. "मी चारही कॉलेजांना फोन करून विचारलं, दहा वर्षांनी माझ्याकडे किती बाकी असेल? एकालाही सांगता आलं नाही." चोवीस सालच्या प्रायमरीत ती रुचिरशेजारी टेबलावर बसून लोकांचे पासपोर्ट तपासत होती. आईने फॉर्मवर चुकीच्या चौकटीत सही केली, तेव्हा तिने नवा फॉर्म दिला आणि रांगेत परत मागे पाठवलं.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी मीनाक्षीने शेवटचा हप्ता भरला. तिघं टेबलाभोवती बसली होती, मलाही हाक मारली होती. तिने बटन दाबलं, स्क्रीनवर शून्य आलं. मग विलास उठला आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलीच्या फिरवावा तसा. "झालं गं तुझं शिक्षण," तो म्हणाला.

पाचच मिनिटांत कर्जाचे हप्ते घेणाऱ्या कंपनीची ईमेल आली: आमची सेवा कशी वाटली, ते कृपया कळवा. किमया हसत सुटली. मीनाक्षीने मात्र चष्मा लावला, सगळे प्रश्न वाचून नीट उत्तरं दिली आणि शेवटच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं: "सतरा वर्षं न चुकता आठवण काढलीत, आभारी आहे. आता पुन्हा भेट न होवो, ही सदिच्छा."