मोगऱ्याचे दाब

मंगळवारी सकाळी वडील कचेरीत गेले. दुपारी दोनला तिथले चौघेजण त्यांना घरी घेऊन आले. ते वारले होते. आई गहू निवडत होती.

भिंगारमधले ते घर सरकारी होते. तीन महिन्यांत सोडायचे होते. मागच्या दारी वडिलांनी लग्नाच्या वर्षी आणलेला मोगरा होता. बुंधा मनगटाएवढा झालेला, उपटून नेण्यासारखा नव्हता. आईच्या हाताला गुण होता. जास्वंद, तगर, काहीही ती जगवी आणि वाटून टाकी. मोगऱ्याचे कलम मात्र तिने कोणाला दिले नव्हते.

तेराव्यानंतर ती मागच्या उंबऱ्यावर बसायची, पण अंगणात उतरायची नाही. मोगरा बरोबर न्यायचा, हे मी एकटीनेच ठरवले. तेव्हा मी कॉलेजात होते. तिथल्या एका पुस्तकातून दाब कलमाची कृती उतरवून आणली. जमिनीलगतची फांदी वाकवायची, खालच्या बाजूला तिरपी खाच घ्यायची, ती जागा मातीत दाबून वर दगड ठेवायचा. मुळ्या फुटल्या की झाडापासून तोडायची.

शेजारच्या काकू काष्टीकडच्या, उसाच्या मुलखातल्या. त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मला ऊस लावाया सांग, पोरी. कांडं टाकलं की झालं. हे फुलाचं मला न्हाई कळत." मग आईकडे वळल्या. "वैनी, दाखवा की हिला. बसल्यात नुसत्या."

"माझा हात नको," आई म्हणाली. "नवं काही धरायचं तर माझा हात नको आता."

"आवो, झाडाला काय कळतंय?"

"मला कळतं."

मी पाच फांद्या दाबल्या. साल दुष्काळाचे होते. नळ दिवसाआड यायचा. तांदूळ धुतलेले पाणी मी ओंजळीने घालत असे. दर दोन दिवसांनी माती बाजूला करून मुळ्या आल्या का ते पाही, पुन्हा लोटून दगड ठेवी. आई उंबऱ्यावरून बघत असे. तिचे ओठ हलल्यासारखे वाटायचे. मला वाटे, ती जप करते आहे.

सामान हातगाडीवर चढवले त्या सकाळी मी दगड काढले. एकाही फांदीला मूळ नव्हते. तीन वाळल्या होत्या. दोन हिरव्या होत्या, पण त्यांच्या खाचा भरून आल्या होत्या.

"वाकवताना फांदी पिळवटली," आई मागून म्हणाली. "खाच वर आली. आणि तू सारखी उकरत होतीस."

"तुला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगणं म्हणजे हात लावणंच की गं."

त्या दोन फांद्या मी तरीही तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. नव्या जागी आठवड्याभरात त्या काळ्या पडल्या. काही महिन्यांनी काकूंनी सांगितले की आमच्या जुन्या घरात आलेल्या बिऱ्हाडाने सायकली ठेवायला मोगऱ्याची जागा साफ करून घेतली.

आई पुढे एकोणीस वर्षे जगली. तिने एकही झाड लावले नाही. मी आता सावेडीत राहते. दारात एक मोगरा आहे, रोपवाटिकेतून विकत आणलेला.